ठेवणीची टाकी

मावशी सकाळी उठली की तोंड धुवायच्या आधी गच्चीवर जायची. अनवाणी, केस तसेच विस्कटलेले. गच्चीच्या कोपऱ्यात लोखंडी टाकी होती, मावशीच्या डोक्याहून उंच. तिला ती मधल्या बोटाच्या सांध्यानं ठोकायची, आधी वर, मग मध्ये, मग खाली वाकून तळाशी. कान पत्र्याला लावलेला. टाकी ठप्प वाजली की तिचा चेहरा सैल व्हायचा. खाली येऊन काकांना ती म्हणायची, "आहे." तिच्या दिवसातला हा पहिला शब्द.

"झाली का प्रार्थना?" काका अंथरुणातूनच विचारायचे.

"प्रार्थना आता करते."

"मग ही कोणती झाली?"

मावशी आणि काका कपडे धुवायचा धंदा करायचे. खालच्या मजल्यावर पुढे काकांचं इस्त्रीचं टेबल, मागे मावशीच्या सिमेंटच्या कुंड्या, वरच्या दोन खोल्यांत संसार आणि त्याच्यावर गच्ची, तारांनी आखलेली. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः एकच, जवळचा दवाखाना. चादरी, अभ्रे, ऑपरेशनच्या वेळचे हिरवे झगे. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या मेजावरचा पांढरा कपडाही मावशीच धुवायची, वेगळ्या साबणानं, बाकीच्या कपड्यांना शिवू न देता. त्याचे पैसे घ्यायचा विषय कधी निघाला नाही.

रोजच्या कामाला पाणी नळाचं. ते सकाळी यायचं, पिंपांत भरायचं आणि संध्याकाळपर्यंत संपायचं. गच्चीवरची टाकी त्या पाण्याची नव्हे. ती ठेवणीची. तिच्यातलं पाणी कोणी वापरत नसे. उन्हानं पातळी जरा उतरली की मावशी झाकण उचलून रबरी नळीनं वरून भर घालायची आणि झाकणावर पुन्हा दगड ठेवायची. टाकीच्या तळाशी एक तोटी होती. कधीतरी टाकीला रंग दिला तेव्हा तिच्यावरही रंग बसला आणि ती तशीच मिटून गेली. तिच्यावाचून काही अडलंही नाही.

टाकी का आली, हे मावशी सांगायची नाही, माझी आई सांगायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत मावशीकडे एका हॉटेलचं काम होतं. एका उन्हाळ्यात नळ आटला आणि हॉटेलच्या चादरी न धुता परत करायची वेळ आली. हॉटेलवाल्यानं गठ्ठा उतरवून घेतला आणि पुन्हा कधी काम दिलं नाही. त्यानंतरचे काही महिने मावशी आणि काका आमच्या घरी जेवायचे. आई म्हणायची, "माझी बहीण, माझं ताट, पण ती जेवायची कशी, तर परक्याच्या घरात बसल्यासारखी. पाणी मागायलाही लाजायची." बस्तान पुन्हा बसलं तेव्हा मावशीनं पलंगाच्या आधी टाकी घेतली.

ती टाकी होती तरी मावशीला स्वस्थता नव्हती. ती पूर्ण बसायची नाही. खुर्चीच्या कडेवर टेकायची, उभ्यानंच जेवायची, कोणी भेटलं की बोलता बोलता त्याची कॉलर उलटून मळ बघायची. चर्चमध्ये ती बाकाच्या टोकाला, दाराजवळ. प्रार्थनेच्या वेळी तिचे डोळे मिटलेले, पण बोट बाकावर ठोकत असायचं. एकदा पाळकसाहेब प्रार्थना थांबवून दाराकडे बघायला लागले होते, कोणी आलंय का म्हणून.

पाखरांबद्दलचा उपदेश झाला की परतीच्या वाटेवर काकांना चेव यायचा.

"ऐकलंस ना? पाखरांकडे बघा म्हणाले, ती काही साठवून ठेवत नाहीत, तरी देव त्यांना पोसतो."

"पाखरांना दवाखान्याच्या चादरी धुवायच्या नसतात."

"तरी पण, देवावर भरवसा ठेवायला नको?"

"देवावर आहे. नळावर नाही."

"आणि नळ कोणाच्या हातात आहे?"

"पाणीखात्याच्या," मावशी म्हणायची आणि पावलं जोरात टाकायची.

समोरच्या अंगणात रंगारी राहायचा. तो कापड रंगवायचा, मावशी डाग काढायची, आणि दोघं एकमेकांना पाण्यात पाहायचे. त्याच्या हौदातलं लाल-निळं पाणी गटारातून मावशीच्या दारावरून वाहायचं. एकदा शिंतोडे उडून दवाखान्याच्या अभ्र्यांवर निळे ठिपके पडले, तेव्हापासून बोलणं म्हणजे टोमणेच.

"भाऊजी, तुमचा रंग तुमच्या अंगणात ठेवा."

"वहिनी, तुम्ही डाग काढता, मी डाग घालतो. देवानं दोघांचीही सोय केलीय. भांडता कशाला?"

"देवाचं नाव तुम्ही घेऊ नका. आधी हात धुऊन या."

हात धुऊनही त्याचे हात कधी पांढरे होत नसत. कोपरापर्यंत निळसर, नखांत काळं.

मग एका उन्हाळ्याच्या अखेरीला मोठ्या रस्त्यावरचा पाइप फुटला. रस्ता खणला गेला, माणसं खड्ड्यात उतरली आणि वर आली आणि पुन्हा उतरली, आणि नळ नुसता फुसफुसत राहिला. पहिल्या दिवशी लोकांनी पिंपं पुरवली. दुसऱ्या दिवशी बादल्या घेऊन वणवण सुरू झाली. त्याच दिवशी दुपारी दवाखान्याच्या गाडीनं नेहमीपेक्षा मोठा गठ्ठा आणून टाकला. गाडीवाला म्हणाला, मोठ्या सिस्टरांचा निरोप आहे, उद्या हवंय, ऑपरेशनं आहेत.

मोठ्या सिस्टर म्हणजे दवाखान्यातल्या नर्सांच्या प्रमुख. त्यांना कारणं सांगायची सोय नव्हती. पुलापलीकडे मशीनवाली नवी लाँड्री निघाली होती, तिची पांढरी गाडी दवाखान्याच्या फाटकापाशी बऱ्याचदा उभी दिसायची. एक गठ्ठा चुकला तर काम तिकडे जाणार, हे मावशीला माहीत होतं. पण त्या दुपारी ती घाबरली नव्हती. काका नंतर सांगायचे, ती जवळजवळ खूश होती, आणि त्यांना तिच्या त्या खुशीचीच भीती वाटली. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती वेळ एकदाची आली होती, आणि टाकी भरलेली होती.

बाह्या वर सारून ती गच्चीकडे निघाली, तोच रंगारी दारात आला. तो कधी या दारात येत नसे. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"वहिनी, एक अडचण आहे."

"तुमच्याकडे अडचण नसते कधी?"

"हौदात कापड आहे. नाटकगृहाचे पडदे, सगळेच्या सगळे. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात पडलेत. खळबळून काढले नाहीत तर गळतील. सकाळी नळ येईल असं वाटलं म्हणून टाकले."

"का वाटलं?"

"असंच. रोज येतो म्हणून."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. नळ येईल असं वाटतं म्हणून कोणी पडदे हौदात टाकतं, ही गोष्ट तिला समजतच नव्हती.

"भाऊजी, माझ्याकडे दवाखान्याचं काम आहे. उद्याचं. माझ्याकडे पाणी आहे ते त्याला पुरेल एवढंच आहे."

"पुरेल एवढंच?" त्यानं वर गच्चीकडे पाहिलं.

"एवढंच."

त्यानं गच्चीवरून नजर काढली. मान हलवली आणि गेला. जाताना गटार ओलांडताना त्याचा पाय सरकला, पण मावशीला हसू आलं नाही.

काका शर्टाच्या एका बाहीवर इस्त्री फिरवत होते. ती बाही मघाच झाली होती.

"बोला ना," मावशी म्हणाली.

"मी काय बोलू? टाकी तुझी."

"माझी कशी? देवानं दिलीय ती. अशाच वेळेला उपयोगी पडावी म्हणून." आणि ती थांबली. आपलंच वाक्य तिनं ऐकलं आणि ते तिला आवडलं नाही.

"मग त्याला विचार," काका म्हणाले आणि शर्ट उलटा केला.

ती वर गेली. ऊन पत्र्यावर तापलं होतं. तिनं टाकी ठोकली. वर ठप्प, मध्ये ठप्प, खाली ठप्प. नेहमी या आवाजानं तिला बरं वाटायचं, आज वाटेना. पुन्हा ठोकली. गच्चीच्या कठड्यावरून समोरचं अंगण दिसत होतं. रंगाऱ्याची बायको घरातून पाणी आणत होती, एका हातात पिण्याच्या पाण्याचा घडा, दुसऱ्या हातात किटली. किटलीच्या तोंडातून बारीक धार हौदावर पडत होती आणि रंगारी लाकडी दांड्यानं जड पडदे ढवळत होता.

मावशीनं त्या वेळी देवाला काय विचारलं कोण जाणे. काका म्हणायचे, विचारणं कसलं, भांडणच असणार, कारण जिना उतरताना तिचे ओठ हलत होते आणि चेहरा रागानं लाल झाला होता. तिनं दारातूनच हाक मारली.

"भाऊजी, बादल्या घेऊन या. अर्धी टाकी देते. अर्ध्याच्या वर एक थेंब नाही."

तोटी फिरेना. रंगानं आणि गंजानं ती टाकीचाच भाग झाली होती. मग झाकण काढून वरूनच पाणी उपसायचं ठरलं. रंगारी शिडीवर चढून दोरीनं बादली सोडायचा, मावशी ती घेऊन जिन्यात काकांकडे द्यायची, काका खाली रंगाऱ्याच्या बायकोकडे. पाणी थंड होतं, स्वच्छ दिसत होतं. समोरच्या अंगणात पडदे एकेक करून वर यायला लागले, गडद तांबडे. मावशी बादल्या मोजत नव्हती, पण टाकीच्या पत्र्यावर तिनं मध्यावर खडूनं रेघ मारली होती आणि प्रत्येक खेपेला ती शिडीवर चढून आत डोकावत होती.

पाणी रेघेपर्यंत आलं. शेवटची म्हणून सोडलेली बादली वर आली ती काळी. चिखलानं काठोकाठ.

"वहिनी, तळ लागला."

"तळ कसा लागेल? अजून अर्धी आहे."

रंगाऱ्यानं बादली पुन्हा सोडली. ती बुडाली नाही, मऊ जागेवर बसली. मावशीनं कपडे वाळत घालायची काठी आणली आणि आत खुपसली. काठी मध्यापर्यंत सहज गेली आणि मग रुतून बसली.

वर्षानुवर्षं ती वरून भर घालत आली होती. नळाचं पावसाळ्यातलं गढूळ पाणी, गच्चीवरची धूळ, पानं, सगळं त्या अंधारात हळूहळू खाली बसत गेलं होतं. पाणी ठप्प वाजतं, गाळही ठप्पच वाजतो. मावशीनं रोज सकाळी बाहेरून कान लावला होता, आत डोकावली होती ती फक्त भर घालताना, काठोकाठ भरलेलं बघायला.

ती खाली बसली नाही. काठी हातात धरून उभी राहिली.

"मला माहीत असतं तर..." रंगारी म्हणाला.

"तर काय, घेतलं नसतंत?"

त्यानं विचार केला. "घेतलं असतं, वहिनी. खोटं कशाला बोलू."

तो गेल्यावर काका वर आले. टाकीत डोकावले, मग मावशीकडे पाहिलं.

"मी देवाला अर्धी म्हणाले होते," मावशी म्हणाली.

"आणि तो काय म्हणाला?"

"त्यानं सगळीच घेतली. मला विचारलंही नाही."

त्या संध्याकाळी तिची प्रार्थना छोटी झाली. एरवी ती भाच्यांच्या परीक्षांपासून पाळकसाहेबांच्या गुडघ्यापर्यंत सगळ्यांचं मागायची. त्या दिवशी म्हणाली, "उद्यापुरतं दे." थोडं थांबून, "तुला माहीत आहेच." आणि उठून घरभर फिरू लागली. गठ्ठ्याजवळ जायची, गाठ सोडायची, चादर हुंगायची, पुन्हा गाठ मारायची.

सकाळी ती गच्चीवर गेली. वर ठोकलं, टण्ण. मध्ये टण्ण. तळाशी ठप्प. त्या ठप्पवर तिनं थोडा वेळ हात ठेवला. खाली आली, पण "आहे" म्हणाली नाही. म्हणाली, "चला."

"कुठं?"

"गठ्ठा परत द्यायला."

"अगं, दुपारपर्यंत नळ येईल कदाचित. थांबू की."

"मागच्या वेळी शेवटपर्यंत थांबलो होतो. आज आधी जाऊन सांगायचं."

हातगाडीवर गठ्ठा घालून दोघं निघाली. वाटेत मावशीनं तीनदा गाडी थांबवली. एकदा गाठ बघायला, एकदा चप्पल काढून खडा झटकायला, एकदा काहीच कारण नसताना. दवाखान्याच्या फाटकापाशी पांढरी गाडी नव्हती, ते तिनं पाहिलं. आत असेल, म्हणाली.

मोठ्या सिस्टर कपड्यांच्या खोलीत होत्या. त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"धुतल्या नाहीत?"

"पाणी नाही, सिस्टर."

"तुमची ती मोठी टाकी? तुम्हीच सांगायचात ना, आमच्याकडे कधी अडत नाही."

"वरचं पाणी शेजाऱ्याला दिलं. खाली गाळ निघाला." मावशीनं ते एका दमात सांगितलं आणि पुढचं ऐकायला हात घट्ट मिटून उभी राहिली.

सिस्टरांनी चष्मा काढला. "अहो बाई, तुमच्याकडे नाही तर आमच्याकडे कुठून असणार? नळ एकच आहे ना? पाण्याशिवाय ऑपरेशन कसं करतात? कालच सगळी पुढं ढकलली. पेशंटना घरून चादरी आणायला सांगितलंय. तुम्हाला निरोप द्यायचा राहिला, माणूस नव्हता पाठवायला. ते पुलापलीकडचे तर फोनच उचलत नाहीत." आणि चष्मा पुन्हा चढवत, "ठेवा तो गठ्ठा तिकडे. नाहीतर घेऊन जा, नळ आला की धुवा."

मावशीला हे सुचलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं पाणी गेल्याचा विचार हजार वेळा केला होता, पण त्या विचारात पाणी फक्त तिच्याच घरचं जायचं. खोलीबाहेर बाक होतं. ती त्यावर जाऊन बसली. कडेवर नाही, भिंतीला पाठ टेकून, पाय सोडून. काका म्हणायचे, लग्नानंतर मी तिला पहिल्यांदा बसलेलं पाहिलं.

नळ दोन दिवसांनी आला. टाकी साफ करायला रंगारी स्वतः फावडं घेऊन आत उतरला. घमेल्यांनी गाळ निघाला, त्यात चिमटे, एक चमचा, काकांचा हरवलेला मफलर.

"वहिनी, तुमच्या टाकीत तर संसार बुडालाय."

"बोलू नका. काढा."

मग तिनं नवी तोटी बसवून घेतली आणि तिला पाइप जोडून तो खाली गल्लीत आणला. ठेवणीची टाकी रोजच्या कामाची झाली. सकाळी भरायची, दिवसभर वापरायची, आणि संध्याकाळी जे उरेल ते गल्लीत सोडून द्यायचं, ज्याला हवं त्यानं बादली लावावी. पहिली बादली बहुधा रंगाऱ्याच्या बायकोची असायची.

आता काकाच धास्तावले. "अगं, थोडं तरी ठेव."

"ठेवलं की गाळ बसतो."

"सगळं सोडायची काय गरज? तळाशी वीतभर असू दे."

"वीतभर ठेवलं की मी हातभर ठेवीन. मी मला ओळखते."

यानं ती शांत झाली म्हणावं, तर तसंही नाही. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला गेले तोपर्यंत या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती, पण सकाळचं ठोकणं चालूच होतं. टाकी टण्ण वाजायची, आणि मावशी पांढऱ्या चेहऱ्यानं खाली येऊन म्हणायची, "नाही." मग ती नळापाशी उभी. बोटं एकमेकांत अडकवायची, सोडवायची. पाइपात खरखर व्हायची, नळ खोकायचा, पाणी यायचं, आणि तिचा श्वास सुटायचा. काही सकाळी नळ यायचा नाही. तेव्हा ती दिवसभर कोणाशी धड बोलायची नाही, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोटी पुन्हा उघडायचीच.

एकदा मी विचारलं, "इतकी भीती वाटते तर करतेस कशाला?"

"भीती वाटते म्हणूनच," ती चादर पिळत म्हणाली. "भीतीच नसती तर मग देवाला कशाला त्रास दिला असता? धर ते टोक."

दवाखान्याचं काम शेवटी पुलापलीकडच्या लाँड्रीकडे गेलंच. पाण्यामुळे नव्हे, मशीनमुळे. मावशीला ज्याची आयुष्यभर धास्ती होती ते एका साध्या मंगळवारी होऊन गेलं. त्या आठवड्यात ती जेवली नाही म्हटलं तरी चालेल. मग रंगारी कोरं कापड घेऊन आला. रंगवण्याआधी त्याची खळ काढावी लागते आणि त्याचे खांदे आता चालत नव्हते. ते काम मिळालं, शेजारपाजारचे कपडे होते. काका म्हणायचे, उपाशी राहिलो नाही, लठ्ठही झालो नाही.

शेवटच्या आजारपणात मावशी त्याच दवाखान्यात होती. मोठ्या सिस्टर कधीच निवृत्त झाल्या होत्या. मशीनवर धुतलेल्या चादरीचा काठ ती चिमटीत धरून बघायची आणि नाक मुरडायची. डोळे मिटून पडली तरी बोट पलंगाच्या दांडीवर ठोकत असायचं. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले त्या दुपारी काका तिच्या उशाशी बसले होते, मी पायाशी. कोणीतरी तिच्यासाठी स्टीलचा मोठा जग भरून ठेवला होता. तिनं हात लांब करून त्याला सांध्यानं ठोकलं. ठप्प. पलीकडच्या पलंगावर एक म्हातारी एकटीच होती, तिच्या कपाटावर ग्लास पालथा.

"अहो," मावशी काकांना म्हणाली, "हे एवढं कोणाला लागतंय? त्या बाईंना द्या थोडं. आणि सांडू नका. चादर कोणाला तरी धुवावी लागते."